‘मला मान्य नाही’ हे बटण कुठे आहे?

हा भाग ज्यांना ऐकायला जमला नाही, किंवा लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकला गेला, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना येणारे ‘म्हणजे कसं’ आणि ‘काय होतं ना’ थोडे काढलेत, थोडे राहू दिलेत.

सुरुवात एका मेसेजने करतो. मागच्या भागात आपण डेटा आणि बिझनेसवर बोललो होतो. त्यानंतर एका श्रोत्याने लिहिलं. नाव, गाव सांगत नाही.

“दादा, मी कुरिअरच्या हबवर काम करतो. रोज रात्री कॅश जमा करावी लागते. गेल्या महिन्यात दोनदा ॲपने ८४० रुपये कमी दाखवले. मी तीन वेळा मोजले, पैसे बरोबर होते. सुपरवायझर म्हणतो, सिस्टीम खोटं बोलत नाही. आणि म्हणतो, बाकी कुणाला प्रॉब्लेम नाही, तुलाच कसा येतो? आता पगारातून कापणार म्हणतात. पैशाचं जाऊ दे, पण सगळ्यांसमोर चोर ठरलो ना.”

हा मेसेज मी दोन-तीन वेळा वाचला. त्यातली दोन वाक्यं डोक्यात अडकली. ‘सिस्टीम खोटं बोलत नाही.’ आणि ‘बाकी कुणाला प्रॉब्लेम नाही.’

कारण हीच दोन वाक्यं ब्रिटनमध्ये जवळजवळ वीस वर्षं बोलली गेली. त्यापायी शेकडो निरपराध माणसं कोर्टात उभी राहिली, कित्येक जेलमध्ये गेली, घरं विकली गेली. आजचा भाग त्यावरच. टेक्नॉलॉजी, डेटा आणि लीडरशिप हे तीन शब्द आपण सेमिनारमध्ये खूप ऐकतो. ते तीन शब्द एकत्र आले आणि सगळं चुकलं, तर काय होतं, त्याची ही गोष्ट आहे.

पोस्ट ऑफिस आणि दुकान, एकाच छताखाली

आधी तिथली व्यवस्था समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ब्रिटनमध्ये गावातलं पोस्ट ऑफिस म्हणजे बऱ्याचदा एक दुकानच असतं. ब्रेड, दूध, वर्तमानपत्र मिळतं, आणि एका कोपऱ्यात पोस्टाचा काउंटर. तो चालवणाऱ्याला म्हणतात सबपोस्टमास्टर. हा माणूस पोस्टाचा पगारी नोकर नाही. तो कंत्राटावर काम करणारा छोटा व्यावसायिक. स्वतःची बचत घालून, कर्ज काढून दुकान घेतो, आणि पोस्टाच्या कामाचं मानधन त्याला मिळतं. आपल्याकडे ॲपवाले ‘पार्टनर’ म्हणतात ना, साधारण तसंच. नाव मोठं, पण नुकसान झालं तर जबाबदारी पार्टनरची.

पूर्वी हिशोब वहीत असायचा. आठवड्याच्या शेवटी रोकड, स्टॅम्प, पेन्शनच्या पावत्या, सगळं मोजायचं आणि वहीशी जुळवायचं. जुळलं नाही तर पानं मागे उलटायची. मंगळवारी कुठेतरी ५० चे ५०० लिहिले गेले, सापडायचं.

१९९९ पासून पोस्टाने शाखांमध्ये कॉम्प्युटरची नवी यंत्रणा बसवायला सुरुवात केली. नाव हॉरायझन. बनवणारी कंपनी होती आयसीएल, जी जपानच्या फुजित्सूच्या मालकीची होती आणि पुढे त्याच नावात विलीन झाली. या प्रकल्पाचा मूळ हेतू वेगळाच होता. सरकारी भत्ते आणि पेन्शन स्वाइप कार्डने द्यायची, अशी योजना होती. ती १९९९ मध्ये रद्द झाली. पण यंत्रणा राहिली, आणि ती पोस्टाच्या हजारो काउंटरांचा हिशोब ठेवू लागली.

आणि मग शाखांमध्ये पैसे ‘गायब’ व्हायला लागले.

फोनवर बोलता बोलता तूट दुप्पट

जो हॅमिल्टन नावाच्या बाई हॅम्पशायरमधल्या साउथ वॉर्नबरो या छोट्या गावात दुकान आणि पोस्ट चालवायच्या. एके दिवशी स्क्रीनवर सुमारे २,००० पौंडांची तूट दिसली. त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा माणूस सांगत गेला, हे दाबा, ते दाबा. बाईंनी तसं केलं. आणि डोळ्यांसमोर २,००० ची तूट ४,००० झाली.

आता मला सांगा, आपण काय केलं असतं? ‘अहो, तुमच्याच सांगण्यावरून दुप्पट झाली’ असंच म्हटलं असतं. त्याही म्हणाल्या. उत्तर मिळालं, पैसे भरा. करारात लिहिलंय, तूट आली तर जबाबदारी तुमची.

त्यांनी भरले. घरावर पुन्हा कर्ज काढलं. पण तूट येतच राहिली. शेवटी त्यांच्यावर ३६,००० पौंडांच्या चोरीचा आरोप ठेवला गेला. आजच्या दराने ते साधारण चाळीस लाख रुपये होतात. गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, पोस्टाच्या स्वतःच्या तपास अधिकाऱ्याने अहवालात लिहिलं होतं की चोरीचा कुठलाही पुरावा मला सापडला नाही. तरी आरोप चोरीचा. मग तडजोड पुढे आली. खोटा हिशोब दाखवल्याचा गुन्हा कबूल करा, पैसे भरा, म्हणजे चोरीचा आरोप मागे घेऊ. जेल टाळायचा म्हणून बाईंनी गुन्हा कबूल केला. गावकऱ्यांनी वर्गणी काढून पैसे जमवले आणि कोर्टात त्यांच्यासोबत जाऊन बसले. गावाला माहीत होतं ही बाई चोर नाही. स्क्रीनला माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट सीमा मिश्रा यांची. जन्माने भारतीय. सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीट इथे त्यांनी २००५ मध्ये पोस्ट ऑफिस घेतलं. सुरुवातीपासून तूट. दुकानाच्या कमाईतून भरत राहिल्या, नातेवाइकांकडून उसने घेतले. शेवटी ७४,००० पौंडांच्या चोरीचा आरोप. त्यांनी मात्र चोरीचा गुन्हा कबूल केला नाही, खटला लढला. नोव्हेंबर २०१० मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता, आणि त्या आठ आठवड्यांच्या गरोदर होत्या. पुढे बाळंतपणाच्या वेळीही त्यांच्या पायात पाळतीचा इलेक्ट्रॉनिक पट्टा होता.

या निकालानंतर पोस्टाच्या आत काय झालं? एक ईमेल फिरली. तिचा सूर असा, की बरं झालं, आता हॉरायझनवर खापर फोडायची जी टूम निघालीय तिला आळा बसेल.

लक्षात घ्या, ही दोन-चार प्रकरणं नव्हती. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना हॉरायझनच्या आकड्यांवरून दोषी ठरवलं गेलं. त्यातल्या ७०० च्या आसपास जणांवर खटले खुद्द पोस्टाने भरले होते. सरासरी काढली तर आठवड्याला जवळपास एक.

चूक नेमकी कुठे होती?

आता थोडं तांत्रिक बोलू. घाबरू नका, सोपं आहे.

कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बग असतात. हॉरायझनमध्येही होते. त्यातला एक उदाहरणासाठी घेऊ, कारण तो आपल्या सगळ्यांना लगेच समजेल. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन इथल्या शाखेत ८,००० पौंडांची रोकड आली. तिची नोंद करताना स्क्रीन अडकली. आपण काय करतो स्क्रीन अडकली की? पुन्हा एंटर. परत एंटर. तिथेही तेच झालं. आणि प्रत्येक एंटरला यंत्रणेने ८,००० पौंड नव्याने आल्याची नोंद केली. चार वेळा. म्हणजे हिशोबात ३२,००० आले, हातात ८,०००. तूट २४,००० पौंड, आणि चोरी शून्य.

आपल्या यूपीआयवर पेमेंट अडकतं तेव्हा आपणही धास्तावतो, दोनदा गेले की काय? चांगल्या यंत्रणेत प्रत्येक व्यवहाराला एक स्वतंत्र क्रमांक असतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर यंत्रणा म्हणते, हे आधीच झालंय, मी परत मोजणार नाही. डॅलमेलिंग्टनमध्ये हा अडसर चालला नाही.

पण खरं सांगू का? मला बग ही या गोष्टीतली सगळ्यात मोठी चूक वाटत नाही. बग सगळीकडे असतात. मोठी चूक यंत्रणेच्या रचनेत होती.

महिन्याचा हिशोब बंद करताना तूट दिसली, तर सबपोस्टमास्टरसमोर काय पर्याय होते? एक, खिशातून पैसे घाला. दोन, ‘मुख्य कार्यालयात खात्यावर टाका’ असं निवडा, म्हणजे ते तुमच्या नावावर कर्जासारखं चढणार. पूर्वी वादातली रक्कम तात्पुरती बाजूला ठेवायची सोय होती, ती २००५ च्या सुमारास काढून टाकली. हिशोब बंद केला नाही तर पुढचा काळ सुरू करता येत नाही, काउंटर उघडता येत नाही. बाहेर पेन्शनसाठी आजीआजोबा रांगेत उभे.

म्हणजे त्या स्क्रीनवर ‘मला मान्य नाही’ हे बटणच नव्हतं.

वही होती तेव्हा पानं उलटता यायची. आता आतली नोंद सबपोस्टमास्टरला दिसत नव्हती, फक्त शेवटचा आकडा दिसायचा. घाबरून कित्येकांनी ‘हिशोब बरोबर’ असं दाबलं, कारण उद्या दुकान उघडायचं होतं. आणि नेमकं तेच दाबणं पुढे ‘खोटा हिशोब’ म्हणून गुन्हा ठरलं.

डेटा म्हणजे निष्पक्ष आरसा, असं आपल्याला शिकवलं जातं. पण डेटा गोळा करणारी खिडकी कुणीतरी बांधलेली असते. त्या खिडकीत माणसाच्या असहमतीला जागाच ठेवली नसेल, तर वर जाणाऱ्या रिपोर्टमध्ये असहमती शून्य दिसणार. आणि मग वरचा साहेब म्हणणार, बघा, सगळे समाधानी आहेत.

‘तुम्ही एकटेच आहात’

आता दुसरं वाक्य. ‘बाकी कुणाला प्रॉब्लेम नाही.’

ली कॅसलटन हे ब्रिडलिंग्टन गावचे. त्यांनी हेल्पलाइनला ९१ फोन केले. एक्याण्णव! शेवटी २५,००० पौंडांच्या तुटीसाठी पोस्टाने त्यांच्यावर दावा लावला. वकिलाचे पैसे नव्हते म्हणून ते स्वतःच कोर्टात उभे राहिले, आणि हरले. वर पोस्टाचा कोर्टखर्च ३,२१,००० पौंड त्यांच्या डोक्यावर आला. दिवाळं निघालं.

तक्रार करणाऱ्या अनेकांना एकच उत्तर मिळत होतं, असा त्रास होणारे तुम्ही एकटेच. प्रत्येकाला वाटत राहिलं, माझंच काहीतरी चुकतंय. नवऱ्याने बायकोवर संशय घेतला, मालकाने काउंटरवरच्या मुलीवर. गावात लोक कुजबुजायला लागले. पोरांना शाळेत चिडवलं गेलं. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी आयोगाने जुलै २०२५ मध्ये अहवालाचा पहिला खंड दिला. त्यात म्हटलंय, की या प्रकरणाच्या त्रासापायी किमान १३ जणांनी आपलं आयुष्य संपवलं असण्याची शक्यता आहे.

इथे आकड्यांचा एक धडा आहे, तो नीट बघा. नवी यंत्रणा आल्यावर चोर पकडले जाण्याचं प्रमाण वाढलं. याचे दोन अर्थ निघतात. एक, पूर्वीही इतकेच चोर होते, आता यंत्रणेमुळे सापडू लागले. दोन, यंत्रणा चुकतेय. पोस्टाने पहिला अर्थ धरला, कारण तो सोयीचा होता.

दुसरा अर्थ तपासायला काय लागलं असतं? फार नाही. ज्यांनी आयुष्यभराची बचत या दुकानात घातली, ती माणसं एकाएकी स्वतःच्याच गल्ल्यातून का चोरतील? आणि चोरले तर पैसे गेले कुठे? कुणाची नवी गाडी नाही, बँकेत रक्कम नाही. उलट घरं गहाण पडतायत. सगळ्या शाखांच्या तक्रारी एका कागदावर मांडल्या असत्या, तर दुपारच्या चहापर्यंत शंका आली असती. पण तक्रारी एकत्र येऊच दिल्या नाहीत. प्रत्येक जण वेगळा, एकटा, आणि म्हणून दोषी.

उत्तर आधी ठरवून विचारलेला प्रश्न

आता लीडरशिपकडे येऊ.

वरच्या लोकांना काहीच माहीत नव्हतं का? २०१० मध्ये एका बगची अंतर्गत चर्चा झाली. त्याने साधारण साठ शाखांच्या हिशोबात गडबड केली होती. त्या बैठकीच्या टिपणात काळजी कसली व्यक्त झाली? ही गोष्ट बाहेर गेली तर हॉरायझनवरचा विश्वास जाईल, चालू खटल्यांवर परिणाम होईल, आणि शाखांना यंत्रणेकडे बोट दाखवायला निमित्त मिळेल. याच वर्षी सीमा मिश्रा कोर्टात सांगत होत्या की मी चोरी केलेली नाही. त्या बगची माहिती त्यांच्या बचावापर्यंत पोचली नाही.

२०१२ मध्ये पोस्टाने सेकंड साइट नावाच्या स्वतंत्र हिशोब तपासनीसांना बोलावलं. चांगलं पाऊल होतं. २०१३ मध्ये त्यांच्या अहवालात बगचा उल्लेख येणार असं दिसल्यावर पोस्टात खल सुरू झाला, ‘बग’ हा शब्द टाळून ‘अपवाद’ किंवा ‘विसंगती’ म्हणता येईल का? तपासनीस खोलात जाऊ लागले, तशी नाराजी वाढली. २०१५ मध्ये त्यांचं कामच बंद केलं.

सगळ्यात बोलका प्रसंग जानेवारी २०१५ चा आहे. पॉला व्हेनेल्स तेव्हा पोस्टाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी होत्या. संसदेच्या समितीसमोर जायचं होतं. कळीचा प्रश्न असा होता, की शाखेच्या हिशोबात बाहेरून, म्हणजे फुजित्सूच्या ऑफिसातून, कुणी बदल करू शकतं का? करू शकत असेल तर ‘तूट दिसली म्हणजे सबपोस्टमास्टरनेच केलं’ हा सगळा पायाच कोसळतो. त्यांनी सहकाऱ्यांना ईमेल लिहिली. त्यात खरं उत्तर काय आहे, असं विचारलं. ठीक आहे. पण त्याच ईमेलमध्ये पुढे असंही लिहिलं, की हे शक्य नाही असं उत्तर असावं अशी आशा आहे, आणि मला तिथे ‘नाही’ म्हणता यायला हवं.

मंडळी, हा प्रकार आपल्या ऑफिसात रोज घडतो. मॅनेजर मीटिंगमध्ये विचारतो, “सगळं वेळेवर होतंय ना?” त्या ‘ना’ मध्येच उत्तर आहे. कोण म्हणणार ‘नाही’? लीडरने ज्या सुरात प्रश्न विचारला, त्याच सुरात उत्तर येतं. व्हेनेल्सबाईंना काय माहीत होतं आणि किती, यावर चौकशीत खूप खल झाला. पण ती एक ईमेल प्रत्येक मॅनेजरने भिंतीवर लावावी अशी आहे. खरं जाणून घ्यायचं असेल तर हवं ते उत्तर प्रश्नात घालू नका.

प्रत्यक्षात फुजित्सूचे लोक बाहेरून नोंदी बदलू शकत होते. २०१५ मध्ये तिथल्या एका माजी कर्मचाऱ्याने बीबीसीच्या कार्यक्रमात तसं उघड सांगितलं.

गावातल्या हॉलमधली एक बैठक

मग हे सगळं फुटलं कसं?

वेल्समधल्या लॅंडुडनोजवळ क्रेग-ई-डॉन इथे ॲलन बेट्स यांचं पोस्ट होतं. त्यांनी पहिल्यापासून एक केलं. जे मान्य नाही ते मान्य आहे असं लिहून दिलं नाही, आणि प्रत्येक कागद जपून ठेवला. पोस्टाने २००३ मध्ये त्यांचं कंत्राट काढून घेतलं. २००९ मध्ये कॉम्प्युटर वीकली या नियतकालिकाने सात सबपोस्टमास्टरांच्या कहाण्या छापल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेनी कॉम्पटन नावाच्या खेड्यातल्या हॉलमध्ये देशभरातले सबपोस्टमास्टर पहिल्यांदा एकत्र जमले.

विचार करा त्या खोलीचा. वर्षानुवर्षं प्रत्येकाला सांगितलं गेलं होतं, तुम्ही एकटेच. आणि इथे खुर्च्यांवर रांगेत तसेच ‘एकटे’ बसलेत. ‘बाकी कुणाला प्रॉब्लेम नाही’ हे वाक्य त्या हॉलमध्ये मेलं.

पुढे ५५५ जणांनी मिळून दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायाधीश फ्रेझर यांनी हॉरायझनबद्दलचा निकाल दिला. पोस्टाचा हट्ट म्हणजे या शतकात पृथ्वी सपाट आहे असं म्हणत राहण्यासारखा आहे, असा त्यांचा शेरा होता. तडजोडीत ५ कोटी ७७ लाख पौंड मिळाले, पण बहुतांश रक्कम खटल्याच्या खर्चात गेली. माणशी जेमतेम २०,००० पौंड हातात आले. एप्रिल २०२१ मध्ये अपील कोर्टाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली. जो हॅमिल्टन आणि सीमा मिश्रा त्यांच्यात होत्या. जानेवारी २०२४ मध्ये या प्रकरणावर टीव्ही मालिका आली, देश हादरला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात संसदेने खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. २०२५ पर्यंत एक अब्ज पौंडांहून जास्त भरपाई वाटली गेली. पण सीमाबाईंच्या मुलाचा दहावा वाढदिवस कोण परत देणार?

धागा तुटला की थांबणारा माग

आता उलट बाजूचं एक उदाहरण, म्हणजे टेक्नॉलॉजी वाईट असा गैरसमज नको.

जपानमध्ये साकिची टोयोडा नावाचे संशोधक होते. त्यांनी १९२४ मध्ये असा स्वयंचलित माग तयार केला, जो धागा तुटला की आपोआप थांबायचा. इचलकरंजी किंवा भिवंडीच्या मंडळींना यातली किंमत लगेच कळेल. माग थांबला नाही तर तुटक्या धाग्याने मीटरच्या मीटर कापड खराब होतं. या मागाचे हक्क १९२९ मध्ये प्लॅट ब्रदर्स नावाच्या ब्रिटिश कंपनीने विकत घेतले, आणि टोयोडा कुटुंबाने पुढे मोटार कंपनी काढली. तीच आजची टोयोटा.

तिथे एक पद्धत आहे. कामगाराच्या डोक्यावरून एक दोरी जाते. काही गडबड दिसली की ती ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरावीक वेळात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. लीडर येतो तो ‘कुणी ओढली दोरी?’ असं दरडावायला नाही, ‘काय दिसलं तुला?’ असं विचारायला.

ती दोरी म्हणजेच ‘मला मान्य नाही’ हे बटण. टोयोटाने ते कामगाराच्या हाताशी ठेवलं. हॉरायझनमध्ये ते ठेवलंच नाही.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे आता डिलिव्हरी, कॅब, गोदाम, कॉल सेंटर, दुकानाचं बिलिंग, हजेरीचं मशीन, सगळीकडे स्क्रीन ठरवते. तुमच्यातले बरेच जण रोज त्या स्क्रीनसमोर असतात. आणि काही जण उद्या टीम सांभाळणार आहात. दोघांसाठी थोडं थोडं.

आकड्यावरून कुणी चोर ठरवत असेल तर चार गोष्टी करा. पहिली, त्याच क्षणी स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. दुसरी, तोंडी बोलून सोडू नका. मेसेज किंवा ईमेलवर लिहा, ‘हा आकडा मला मान्य नाही, मूळ नोंदी दाखवा.’ तक्रार क्रमांक घ्या. तिसरी, दडपणाखाली ‘बरोबर आहे’ यावर सही किंवा टिक करू नका. करावीच लागली तर सोबत लेखी हरकत नोंदवा. चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, बाजूच्याला विचारा. लाज वाटते, मला माहितीय. पण ‘तुलाही असं झालं का?’ हा प्रश्नच तुमचा फेनी कॉम्पटनचा हॉल आहे.

पगारी कर्मचाऱ्यांसाठी कायद्याचाही आधार आहे. १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टमध्ये तत्त्व होतं, की पैशाच्या तुटीपोटी पगार कापायचा तर ती तूट त्या माणसाच्या हलगर्जीपणामुळेच झालेली असली पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व आहे. मात्र कागदावर तुम्ही ‘पार्टनर’ असाल तर गोष्ट अवघड होते, सबपोस्टमास्टरांची झाली तशीच. म्हणून करार वाचा. तुटीची जबाबदारी कुणाची, हे वाक्य आधी शोधा.

कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर आपल्याकडे प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ मध्ये आहे. ब्रिटनमध्येही पूर्वी कॉम्प्युटर नीट चालत होता हे दाखवावं लागायचं. ती अट १९९९ च्या कायद्याने काढली, आणि मग ‘कॉम्प्युटर बरोबरच असतो, चूक आहे हे तुम्ही सिद्ध करा’ असं गृहीत धरलं जाऊ लागलं. काउंटरवरच्या बाईने ते कसं सिद्ध करायचं? तरी एक सांगतो, प्रमाणपत्र म्हणजे नोंद कुठून, कशी आली याची हमी. सॉफ्टवेअरने बेरीज बरोबर केली याची नाही.

आणि जे टीम सांभाळतात किंवा स्वतःचं दुकान, स्टार्टअप चालवतात, त्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझ्या यंत्रणेत खालच्या माणसाला ‘मान्य नाही’ म्हणायला जागा आहे का? सगळ्या तक्रारी एकत्र बघणारं कुणी आहे, की प्रत्येकाला वेगवेगळं गप्प केलं जातंय? आणि आकडा चुकीचा निघाला तर ते मला सांगायला माझ्या माणसांना भीती वाटते का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही, अजिबात नाही’ असं झटकन आलं, तर पुन्हा विचारा. या वेळी टीमला विचारा, आणि त्या ‘ना’ शिवाय.

जाता जाता, त्या कुरिअरवाल्या मित्राचं. त्याला हेच सांगितलं होतं. त्याने हबवर विचारलं, तर आणखी दोघांनाही तेच ८४० रुपये, तेही नेट गेलेल्या संध्याकाळी. तिघांनी मिळून लेखी दिलं. पैसे परत मिळाले का? अजून नाही. पण कपात थांबली, आणि आता नोंदी तपासतो म्हणालेत. त्याने शेवटी लिहिलं, “दादा, आता मी एकटा नाही एवढं तरी कळलं.”

तुमच्या बाबतीत स्क्रीनने कधी असं काही केलंय का? लिहा, नाव न सांगता वाचून दाखवू. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि टिक करण्याआधी एकदा वाचा.